स्कूबात फिन मारायला शिकण्याआधी थांबायला शिका

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या बहुतेकांवर फिन (पायात घालायचे चपटे पाते) मारायची वेळच आलेली नसते. त्या पहिल्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून माणसाला पुढे नेतो. बीसीडीत, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या फुगवत्या जॅकेटात, हवा भरणे-सोडणे हे कामही त्याच्याकडेच असते. पुढे ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राच्या कोर्सला आल्यावर मग पंचाईत होते. पाय जोरात चालतात, दम लागतो, हवा बाकीच्यांच्या आधी संपते आणि मागून येणाऱ्याला गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नाही. नवखा मग किकचे व्हिडिओ बघत बसतो. पण दोष बहुतेक वेळा पायांत नसतो, खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेल्या शिशाच्या वजनात असतो.

कंबरेला वजन जादा असले की कंबर खाली ओढली जाते आणि अंग तिरके होते, डोके वर, पाय खाली. अशा अवस्थेत मारलेली प्रत्येक किक माणसाला पुढे नेते तशी वरही ढकलते. वर जातोय म्हणून तो बीसीडीतली हवा सोडतो आणि आणखी जड होतो. आता बुडू नये म्हणून सतत पाय मारणे भाग पडते. थांबला की खाली. यालाच तो ‘माझे फिनिंग कच्चे आहे’ म्हणतो.

तपासणी सोपी आहे. पाच-सहा मीटरवर, तळापासून दीड-दोन मीटर उंच राहून, पाय जुळवा, हात पोटाशी धरा आणि पाच सेकंद काहीच करू नका. श्वास नेहमीसारखा चालू ठेवा. लगेच खाली जायला लागलात, तर आतापर्यंत पाय तुम्हाला उचलून धरत होते. आधी बीसीडीत थोडी हवा घालून वर-खाली न जाता स्थिर राहा. खोली कमी असूनही बरीच हवा घालावी लागली, तर वजन जास्त आहे असे धरून चाला. खाली न जाता नुसते पाय लोंबले, तर वजनाची जागा चुकली आहे.

वजन ठरवायचे ते डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे हवेच्या दाबाचे एकक) उरलेले असताना. पृष्ठभागावर उभे राहा, बीसीडी पूर्ण रिकामे करा, हात-पाय हलवू नका आणि नेहमीइतकी हवा घेऊन श्वास क्षणभर धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवे, श्वास सोडल्यावर डोके सावकाश बुडायला हवे. श्वास रोखायचा तो फक्त इथे, पृष्ठभागावर. पाण्याखाली कधीच नाही, वर येताना तर नाहीच. हीच चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली तर वर सुमारे दोन किलो वाढवा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण अडीच किलो हवा असते आणि ५० बारपर्यंत त्यातली दोन किलो संपलेली असते. पुण्या-मुंबईच्या स्विमिंग पूलमधला आकडा समुद्रात चालत नाही. खारे पाणी जड असते, त्यामुळे त्याच सामानाला आणखी दोन-अडीच किलो लागतात. घाबरलेल्या नवख्याला लवकर खाली नेण्यासाठी काही ठिकाणी दोन किलो जास्तीचे बांधतात. एका डाइव्हपुरते ते चालून जाते, पण तोच आकडा कायमचा मानू नका. दर डाइव्हला एक किलो कमी करून बघा.

आता जागा. सगळे वजन बेल्टवर असेल आणि पाय लोंबत असतील, तर किलो-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर किंवा बीसीडीच्या मागच्या वरच्या खिशात न्या. संकटात सोडून देता येईल इतके वजन मात्र बेल्टवर राहू द्या. नुसते सिलिंडर तीन-चार सेंटिमीटर वर बांधले तरी फरक पडतो. मान वर केल्यावर डोके रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला (सिलिंडरच्या तोंडावर बसवलेल्या भागाला) आपटले, तर जास्त वर गेले. उलट डोके खाली जात असेल तर सिलिंडर खाली सरकवा.

अंगाची ठेवण अशी: हनुवटी वर, नजर समोर, छाती आणि मांड्या एका रेषेत, गुडघे काटकोनात, फिनची पाती तळाला समांतर. सर्वांत जास्त चुकते ते मांड्यांचे. खुर्चीत बसल्यासारखे गुडघे पोटाकडे येतात आणि तळाला लागतात. नितंब आवळून धरले की मांड्या आपोआप वर राहतात. गेज (उरलेली हवा दाखवणारे मीटर) बघायला मान खाली घातली की गुडघेही घसरतात, म्हणून गेज डोळ्यांसमोर आणायचा.

इतके जमले की मग फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखी दोन्ही पायांची किक. गाळाच्या तळावर, आणि मालवणसारख्या कमी दृश्यतेच्या पाण्यात, नवख्याने हीच किक आधी शिकावी असे आमचे मत आहे, कारण तिचा झोत मागे जातो, खाली नाही. सुरुवातीला टाचा नितंबांकडे थोड्या ओढा. घोटे बाहेर वळवा, म्हणजे तळपाय एकमेकांकडे नव्हे तर मागे बघतील. आता दोन्ही पाय बाहेरून मागे गोलाकार ढकला आणि शेवटी तळपाय जुळवा. मग थांबा. सेकंदभराच्या किकनंतर दोन-तीन सेकंद नुसते सरकत जायचे. हे थांबणे सोडले की किकचा निम्मा फायदा गेला.

घोटे न वळवता किक मारली तर पाते पाणी कापते, ढकलत नाही. श्रम होतात, अंतर कापले जात नाही. गुडघे खांद्यांपेक्षा फार रुंद फाकले की अंग वर-खाली होते. ब्रेस्ट स्ट्रोक येणाऱ्यांची ही खास खोड. एक पाय आडवा आणि दुसरा उभा चालला तर अंग एका कुशीवर कलते. स्वतःला हे जाणवत नाही, जोडीदाराकडून मागून व्हिडिओ काढून घ्या. पाण्यात उतरण्याआधी बाकड्यावर पालथे झोपून, गुडघ्यापासून खालचा भाग बाहेर ठेवून सराव करा. जोडीदाराने पाऊल धरून घोटा वळवून दाखवला की पाच मिनिटांत कळते.

फ्लटर किक, म्हणजे पाय आळीपाळीने वर-खाली मारणे, प्रवाहाविरुद्ध किंवा पृष्ठभागावर उपयोगी. ती मांडीतून मारायची, गुडघ्यातून नाही. सायकल चालवल्यासारखे गुडघे वर-खाली होत असतील तर फिन नुसते पाणी घुसळत आहे. पोटरीत गोळा आला तर फिनचे टोक धरून स्वतःकडे ओढा आणि पाय सरळ करा.

श्वासाचेही गणित लक्षात असू द्या. एक लिटर हवा जास्त घेतली की जवळपास एक किलोचा उचल मिळतो, पण परिणाम दोन-तीन सेकंदांनी दिसतो. नवखा तेवढा वेळ थांबत नाही, बीसीडीचे बटण दाबतो, मग दोन्ही परिणाम एकदम येतात आणि तो वर निघतो.

पुढे डाइव्हमास्टर (इतरांना डाइव्हवर नेणारा व्यावसायिक) व्हायचे असेल तर हे सगळे लवकर पक्के करा. पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या कोर्सला सुरुवात करायला ४० डाइव्ह लागतात आणि प्रमाणपत्राला ६०, पण आकडा भरला म्हणून अंग स्थिर होत नाही. विद्यार्थी तुम्ही सांगता ते ऐकत नाहीत, तुमचे पाय बघतात. जागच्या जागी वळण्याची हेलिकॉप्टर किक आणि मागे येण्याची बॅक किक तिथे रोज लागते. बॅक किकसाठी पाय मागे सरळ जुळवा, पावले नडगीकडे ओढून बाहेर वळवा आणि फिनच्या कडांनी पाणी बाजूने पुढे ओढा. लांब मऊ किंवा दुभागलेल्या फिनने ती नीट होत नाही. आखूड, रुंद, जरा कडक पाते आणि बूट घालून पट्ट्याने आवळायचे फिन घ्या. भाड्याचे सैल फिन टाचेत हलत असतील तर उतरण्याआधी बदलून मागा.