नव्या कादंबरीवर मत लिहायचं तर

तीनशे पानांची कादंबरी संपवून लिहायला बसलं की ‘मध्ये एक फार सुंदर प्रसंग होता’ एवढंच आठवतं आणि तो शोधण्यात संध्याकाळ जाते. म्हणून पहिल्या पानापासूनच पुस्तकात पोस्टकार्डाएवढा कोरा कागद ठेवा. त्यावर पानाचा आकडा, चार-पाच शब्द आणि एक खूण. थांबून परत वाचलं तिथे फुली, कंटाळा आला तिथे आडवी रेघ, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनंही काही लिहायचं नसतं, हा कागद तिथेही चालतो. नोंदी मोबाइलमध्येही करता येतात, पण नोंदीसाठी हातात घेतलेला मोबाइल अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो.

शेवटी आडव्या रेघा कुठे गोळा झाल्यात ते बघा. १२० ते १७० या पानांत सात रेघा असतील, तर ‘कादंबरी मध्ये रेंगाळते’ हे मत पुराव्यासकट तयार झालं. त्या सगळ्या एकाच रात्री वाचलेल्या पानांवर असतील, तर दोष बहुधा झोपेचा. ती पानं सकाळी परत वाचा, मगच लिहा.

मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचायची. आधी वाचली की त्यातले शब्द आपलेच वाटू लागतात आणि तसेच लिखाणात उतरतात. पुस्तक संपल्यावर दोन दिवस जाऊ द्या. आठवडा मात्र नको, पात्रांची नावं निसटतात.

लांबी ५०० ते ६०० शब्द पुरते. त्यात कथानक १०० शब्दांत आटोपा आणि साधारण पहिल्या एक तृतीयांश भागापलीकडचं काही फोडू नका.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. विषय चांगला म्हणून कादंबरी चांगली, असं लिहिलं जातं. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्याबद्दल ‘विस्थापितांचं दुःख मांडणारी कादंबरी’ एवढंच लिहिलं, तर ते वाक्य धरणग्रस्तांवरच्या एखाद्या सरकारी अहवालालाही चालेल. विचारायचं ते असं: उठलेल्या गावाची गोष्ट सांगताना लेखकाला मागे राहिलेली म्हैस का लागली? देविदास सौदागर यांची ‘उसवण’ घ्या. तयार कपड्यांमुळे शिंप्याचा धंदा बसला, हे तर बातमीतही येतं. मशीनसमोर बसलेल्या त्या माणसाचा दिवस कसा सरतो, हे वाचायला कादंबरी लागते. मत त्यावर द्यायचं.

‘अंतर्मुख करणारी’, ‘संग्राह्य’, ‘खिळवून ठेवणारी’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात त्यांच्याखाली रेघ मारून प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग ठेवा. समजा, तुम्ही लिहिलंत, ‘बापलेकाचं नातं प्रभावीपणे उभं केलं आहे.’ त्याऐवजी असं लिहा: ‘भांडणानंतर दोघं एका ताटात जेवतात. बाप भाकरीचा मऊ अर्धा लेकाकडे सरकवतो, लेक तो न बोलता परत सरकवतो. पुढची चार पानं कुणी काही बोलत नाही.’ आता ‘प्रभावी’ म्हणायची गरजच उरत नाही. सगळेच शब्द बदलणं जमलं नाही, तर ज्यांच्यासाठी प्रसंग सापडत नाही ते सरळ काढा. तिथे मत नव्हतंच.

बोलीबद्दल लिहिताना ‘ग्रामीण भाषा’ हे लेबल टाळा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांना एकाच पोत्यात कोंबता येत नाही. बोली फक्त संवादांत आहे की निवेदनातही, ते तपासा. पात्रं बोलीत आणि निवेदक प्रमाण मराठीत असेल, तर निवेदक गावाबाहेर उभा राहून बघतोय असं वाटू शकतं. ते मुद्दाम केलंय की हात तिकडेच वळलाय, यावर दोन वाक्यं लिहिण्यासारखी असतात. एक परिच्छेद मोठ्यानं वाचा, अडखळलात ती जागा टिपा. सुरुवातीला अडलं आणि तिसाव्या पानाशी कान बसला, तर तसंच सांगा. पुस्तक घ्यावं की नाही या विचारात असलेल्याला हे फार उपयोगी पडतं.

‘मी’नं सांगितलेल्या कादंबरीत तो ‘मी’ लेखक नसतो. निवेदक बायकांबद्दल वाईट बोलतो म्हणून लेखकाला झोडपण्याआधी कादंबरी त्याला कुठे उघडं पाडते का, ते पाहा. नावडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी किमान दोन पानं दाखवता आली पाहिजेत. मुद्रणदोष खूप असतील तर प्रकाशकाच्या नावे शेवटी एक ओळ. लेखकाच्या माथी मारू नका.

सुरुवातीला लेखक, प्रकाशन, आवृत्ती, पृष्ठं, किंमत द्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा द्या, हे हमखास राहून जातं. पुरस्काराचं वर्ष प्रकाशनाचं म्हणून लिहू नका. अकादमीच्या २०२३च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या काळातली पुस्तकं विचारात होती. पहिल्या आवृत्तीचं साल शीर्षकाच्या पानामागे असतं, आणि तिथेच पुनर्मुद्रणाचंही असतं. दोन्ही नीट बघून पहिलंच उचला.