डिव्हाइस जागेवर नसेल तेव्हा: लिनक्स ड्रायव्हरमधल्या या चुका टाळा

लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी चालता चालता गायब झाली की कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ येते: कंट्रोलर डाउन, रीसेट करतोय, सीएसटीएस अमुक, पीसीआय स्टेटस तमुक. सीएसटीएस हे कंट्रोलरचं ३२ बिटांचं स्टेटस रजिस्टर. अशा वेळी तिथे हेक्समध्ये आठ एफ दिसतात, म्हणजे झाडून सगळे बिट १. या रजिस्टरचा बिट ० सांगतो ‘मी तयार आहे’ आणि बिट १ सांगतो ‘माझ्यात गंभीर बिघाड आहे’. दोन्ही एकाच वेळी? हे उत्तर एसएसडीने दिलेलंच नाही. पीसीआय एक्सप्रेसवर समोरून कुणी बोललं नाही, तर बहुतेक मशीनवर रूट कॉम्प्लेक्स (सीपीयूला या बसशी जोडणारा भाग) आपल्याच पदरचे सगळे १ भरून पाठवतो. सीपीयूच्या लेखी ते एक सुरळीत पार पडलेलं रीड असतं.

पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे. नसलेलं हार्डवेअर अनेकदा एरर देत नाही, डेटा देतं. आणि तो डेटा खरा वाटावा असा असतो.

सगळे १ खरे मानून पुढे जाणं

‘बिझी बिट ० होईपर्यंत थांब’ असा लूप लिहिला आणि कार्ड निघालं, तर तो बिट कधीच ० होणार नाही. एक कोअर तिथेच अडकतो आणि थोड्या वेळाने सॉफ्ट लॉकअपची, म्हणजे कोअर अडकल्याच्या कर्नलच्या इशाऱ्याची, बोंब सुरू होते. हे दिसतं तरी. ‘रेडी बिट १ होईपर्यंत थांब’ हा लूप जास्त घातक, कारण तो पहिल्याच फेरीत पास होतो. मग ड्रायव्हर रांगेची लांबी वाचतो, ती निघते चारशे कोटींच्या वर, आणि तेवढ्या नोंदी उपसायला तो मोकळाच.

लूपला वेळेची मर्यादा हवीच, त्यासाठी कर्नलमध्ये तयार मॅक्रो आहेत. पण दुसऱ्या प्रकारात टाइमआउटचा काही उपयोग नाही. तिथे वाचलेली किंमत सगळे १ तर नाही ना, हे आधी बघावं लागतं. एखाद्या काउंटरमध्ये सगळे १ खरोखरच येऊ शकतात. शंका असेल तर कॉन्फिगरेशन स्पेसमधला (पीसीआय डिव्हाइसची ओळख आणि सेटिंग ठेवणारी वेगळी जागा) व्हेंडर आयडी वाचा. चार एफ हा आयडी कुठल्याच कंपनीला दिलेला नाही, त्यामुळे तिथेही एफच आले तर ते डिव्हाइस आपल्या हाताबाहेर गेलं.

इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला हाक मारली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ही तपासणी सर्रास राहून जाते. लाइन सामायिक असते, इंटरप्ट शेजारच्या कार्डाचा असतो, पण आपल्या निघून गेलेल्या कार्डाचं स्टेटस सगळे १ दाखवतं. हँडलर समजतो की जगातले सगळे इव्हेंट आपल्याकडेच आले. सगळे १ दिसले की ‘हा माझा नाही’ असं सांगून बाहेर पडणं हेच योग्य.

हे नीट कसं करतात ते जुन्या कीबोर्ड कंट्रोलरच्या, म्हणजे आय-८०४२ च्या ड्रायव्हरमध्ये बघायला मिळतं. सुरुवातीला तो बफर रिकामा करतो: ‘डेटा शिल्लक आहे’ हा बिट १ असेपर्यंत बाइट वाचत राहायचं. पोर्टच्या मागे कुणी नसेल तर हा बिट कायम १. म्हणून लूपला १६ बाइटची मर्यादा घातली आहे. तेवढे वाचूनही बफर रिकामा होत नसेल तर ‘कंट्रोलर सापडला नाही’ असं लिहून तो शांतपणे बाजूला होतो. आदळआपट नाही, स्टॅक ट्रेस नाही.

एक इशारा मात्र हवा. ‘सगळे १’ हा काही सगळीकडचा नियम नव्हे. बऱ्याच एआरएम चिपवर ज्या ब्लॉकचा क्लॉक किंवा पॉवर बंद आहे त्याचं रजिस्टर वाचलं की बस एरर येते आणि कर्नल पॅनिक होतो, किंवा बोर्ड जागीच गोठतो. तिथे वाचून मग तपासायची सोयच नाही. आधी क्लॉक आणि पॉवर चालू करायची, मगच रजिस्टरला हात लावायचा.

फर्मवेअरच्या शब्दावर विसंबणं

व्हर्च्युअल मशीनवर ‘एफडी० वर आय/ओ एरर, सेक्टर ०’ ही ओळ किती जणांनी पाहिली असेल! फ्लॉपी ड्राइव्ह नसतेच, पण बायोसच्या सेटिंगमध्ये ती ‘आहे’ म्हणून नोंद राहिलेली असते. ड्रायव्हर त्या नोंदीवर विश्वास ठेवतो, डिव्हाइस तयार करतो, आणि मग डिस्क चाळणारा प्रत्येक प्रोग्राम तिथे ताटकळतो. उपाय सोपा: बायोसमध्ये फ्लॉपी बंद करा, नाहीतर फ्लॉपी मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच की बायोस, एसीपीआय किंवा डिव्हाइस ट्री हे सांगतात ते ‘असायला हवं’ या अर्थाने. आहे की नाही याची खात्री प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये, स्वतः करायची.

सीरियल पोर्टचा ८२५० ड्रायव्हर ही खात्री कशी करतो ते बघण्यासारखं आहे. इंटरप्ट एनेबल रजिस्टरमध्ये तो ० लिहितो. लगेच परत वाचत नाही. पीसीवर मध्ये ८० हेक्स या बिनकामाच्या पोर्टवर एफएफ लिहितो. कारण मोकळ्या बसवर शेवटची किंमत रेंगाळू शकते, आणि आपण लिहिलेलंच परत वाचून आपण फसू शकतो. मग खालचे चार बिट १ करून हाच प्रकार पुन्हा, या वेळी मध्ये ०. दोन्ही वेळा लिहिलं तेच परत आलं तरच पुढची ओळखपरेड.

आयटूसीवर, म्हणजे बोर्डावरच्या चिपना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर, याहून सोपं आहे. पत्त्यावर कुणी नसेल तर एसीके (पोच) येत नाही, आणि अडॅप्टरने त्यासाठी ई-एनएक्सआयओ (‘असं डिव्हाइस नाही’ ही एरर) द्यावं असा संकेत आहे. आयटूसी-एचआयडी ड्रायव्हर, ज्यावर कितीतरी लॅपटॉपचे टचपॅड चालतात, आधी एक बाइट वाचून बघतो आणि उत्तर नसेल तर ‘या पत्त्यावर काही नाही’ म्हणून परततो. पण म्हणून दिसेल त्या पत्त्यावर टकटक करू नका. अनेक थिंकपॅडमध्ये असलेली ॲटमेलची एटी२४आरएफ०८ ही ईईप्रॉम अशाच एका साध्या ‘क्विक राइट’ चाचणीने बिघडायची. आयटूसीडिटेक्टच्या मॅन पेजमध्ये तो इशारा आजही आहे.

सगळ्या एररना एकच माप

प्रोबमधून काय परत करता यावर पुढचं सगळं ठरतं, आणि इथेच सगळे घोडे बारा टक्के केलेले दिसतात. डिव्हाइस नाहीच, तर ई-नोडेव्ह (१९) किंवा ई-एनएक्सआयओ (६). हे दोन आले की ड्रायव्हर कोअर गप्प राहतो. ई-आयओ (सर्वसाधारण आय/ओ एरर) परत केलं तर प्रत्येक बूटला ‘प्रोब फेल’ अशी ओळ येते आणि ग्राहक फोन करतो. उलट डिव्हाइस आहे पण बिघडलंय, तेव्हा ई-नोडेव्ह देणं म्हणजे खरा बिघाड झाकणं.

‘अजून आलं नाही’ ही तिसरी अवस्था. रेग्युलेटरचा (वीज पुरवणारा भाग) किंवा जीपीआयओचा (सॉफ्टवेअरने हलवायच्या पिना) ड्रायव्हर आपल्यानंतर लोड होणार असेल तर ५१७ क्रमांकाची ई-प्रोब-डिफर, म्हणजे ‘नंतर पुन्हा प्रोब कर’ ही एरर, मिळते. ती जशीच्या तशी वर द्यायची. ‘ऑप्शनल’ फंक्शन वापरताना तर हमखास घोळ होतो: जीपीआयओ आणि क्लॉकची ऑप्शनल फंक्शन्स वस्तू नसेल तर नल देतात, रेग्युलेटरचं मात्र ई-नोडेव्ह देतं. हा विसंवाद कुणाला आवडत नाही, पण आहे. एरर आली की ‘नसेल’ असं समजून पुढे गेलात, तर त्यात डिफरही गिळला जातो. मग रीसेट पिन न हलवताच चिप सुरू होते आणि बोर्ड दहा बूटपैकी एखाद्या बूटला रुसतो.

असा बोर्ड समोर आला तर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टीम) ‘डिव्हायसेस-डिफर्ड’ ही फाइल आधी उघडा. तिथे ताटकळलेल्या डिव्हाइसची यादी असते, आणि ड्रायव्हरने डेव्ह-एरर-प्रोब हे एरर नोंदवणारं फंक्शन वापरलं असेल तर कारणही. तुमचं डिव्हाइस त्या यादीत नाही आणि चालतही नाही, तर डिफर कुणीतरी गिळला असण्याची शक्यता मोठी.

होतं, आता नाही

यूएसबी ओढून काढली तरी प्रोग्रामने उघडलेली फाइल उघडीच राहते. डेव्हएम (आपोआप मोकळं करणारी कर्नलची फंक्शन्स) वापरून घेतलेली मेमरी ड्रायव्हर सुटला की परत जाते. मग तो प्रोग्राम क्लोज करतो आणि मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो. फाइल ज्या स्ट्रक्चरला धरून आहे ते डेव्हएमवर ठेवू नका, त्याला रेफरन्स काउंट द्या, आणि ‘डिस्कनेक्ट झालं’ हा फ्लॅग लॉकखाली तपासा. यूआरबीच्या (यूएसबीवरच्या एका देवाणघेवाणीची विनंती) कम्प्लीशनमध्ये ई-शटडाउन आलं तर पुन्हा सबमिट करू नका. ई-प्रोटो (प्रोटोकॉल एरर) आलं तर थोडं थांबून करा: वायर निघाल्याचं हबला कळेपर्यंत तीच एरर येत राहते आणि लॉग भरून वाहतो.

आता सुरुवातीच्या लॉगमधला ‘तमुक’. सीएसटीएसमध्ये आठ एफ आणि पीसीआय स्टेटसमध्येही चार एफ असतील तर डिव्हाइस बसवरूनच गेलं आहे: स्लॉट, पॉवर, लिंक बघा. पीसीआय स्टेटस हेक्स १० असेल तर कॉन्फिगरेशन स्पेस अजून उत्तर देतेय, फक्त रजिस्टर वाचता येत नाहीत. दोन्हीत पॉवर सेव्हिंगचा संशय घ्यायला जागा आहे. नवे कर्नल स्वतःच एपीएसटीची (एसएसडीची आपोआप होणारी वीजबचत) लेटन्सी ० करून आणि पीसीआयई-एएसपीएम (लिंकची वीजबचत) बंद करून बघायला सुचवतात.

हे सगळं टेबलावर तपासायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. सिसएफएसमधल्या (डिव्हाइस आणि ड्रायव्हर फाइलच्या रूपात दाखवणारी फाइलसिस्टीम) अनबाइंड फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव लिहा, पीसीआय असेल तर त्याच्या रिमूव्ह फाइलमध्ये १ लिहा, आणि हे करताना दुसऱ्या टर्मिनलवर डीडी (डेटा कॉपी करणारी कमांड) चालू ठेवा. केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) चालू असलेला कर्नल असेल तर उत्तम. रिकाम्या सिस्टीमवर अनबाइंड करून ‘चाललं’ म्हणणाऱ्यांचे पॅच रिव्ह्यूत परत येतात, आणि ते बरोबरच आहे.