लिहिणाऱ्यांची बैठक: बार्शीतल्या एका डीटीपीवालीचा सल्ला

बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि मधूनमधून एखादा कवितासंग्रह. लोक वही घेऊन येतात, "ताई, पुस्तक काढायचंय" म्हणतात. मी विचारते, यातलं कुणी वाचलंय का? बहुतेक वेळा उत्तर येतं, मिसेसनी वाचलंय. कधी तेही नाही. अशाच काही जणांना एकत्र बसवून आम्ही दर महिन्याची बैठक सुरू केली. आता आसपासच्या गावांतून विचारणा होते की आम्हालाही असं करायचंय, कसं करू? त्यांच्यासाठी हे.

सुरुवातीला पाच माणसं पुरतात. संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका. त्याला किमान सात सभासद लागतात, घटना लागते, दरवर्षी धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावा लागतो, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. एवढं होईपर्यंत लिहायचं राहून जातं आणि अध्यक्ष कोण यावरून दोन गट पडलेले असतात. लेटरहेड आणि पावतीपुस्तकं मीच छापून देते, तेव्हा हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगतेय. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झालं, ते नावाला मंडळ असलं तरी होतं मूठभर कवींचंच. रविवारी जमायचं, चहा घ्यायचा, एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. पुढे त्यांनी एकत्र संग्रहही काढले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातलीच मंडळी.

जागा सार्वजनिक वाचनालयाची बघा. कुणाच्या घरी बैठक ठेवली की त्या घरची बाई पोहे करण्यात अडकते, आणि अनेकदा खरी लिहिणारी तीच असते. वाचनालयाच्या समितीला साधा अर्ज दिला तर सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही अहवालात दाखवायला उपक्रम हवाच असतो. वेळ दुपारी ३ ते ५. सकाळी ठेवलीत तर बायका येणार नाहीत. संध्याकाळी ठेवलीत तर वैराग, परांडा, भूमकडून येणाऱ्यांचं निम्मं लक्ष परतीच्या एस.टी.कडे. महिन्याचा दुसरा रविवार ठरला की ठरला, दोघेच आले तरी दोघांनी बसायचं. एकाच्या सोयीसाठी तारीख हलवायला लागलात की बैठक बंद पडलीच म्हणून समजा.

आता मुख्य काम, वाचनाचं. आमच्याकडे लेखक स्वतःचं लिखाण स्वतः वाचत नाही. तो झेरॉक्स आणतो, दुसरं कुणीतरी मोठ्याने वाचतं आणि लेखक गप्प बसतो. कवी स्वतः वाचायला लागला की आवाज चढतो, डोळे मिटतात, ऐकणारे वाहवा करतात आणि कागदावर काय आहे ते कुणालाच कळत नाही. दुसऱ्याने वाचलं की तो जिथे अडखळतो तिथे लेखकाने पेन्सिलने खूण करायची. त्या खुणा घरी नेल्या तरी येण्याचं सार्थक होतं. एका बैठकीत तीन जणांचंच लिखाण घ्यायचं, प्रत्येकी दोन पानं, जास्त नाही. ज्येष्ठ कवी आहेत म्हणून खंडकाव्याला सूट नाही.

वाचून झाल्यावर 'छान', 'अप्रतिम', 'काळजाला भिडलं' हे शब्द बंद. पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त काय ऐकलं ते सांगायचं: गोष्ट कुणाची, काय घडलं, काय डोळ्यांसमोर राहिलं. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायचे. मी असतो तर असं लिहिलं असतं, हे तर अजिबात नको.

प्रश्नाने काय होतं ते सांगते. अडतीवर दिवाणजीचं काम करणारा एक मुलगा आमच्यात आहे. त्याने आणलेल्या कथेचा पहिला परिच्छेद असा: मावळतीचा सूर्य, उदास वारा, थकलेला बळीराजा. दुसऱ्या पानावर मात्र एक म्हातारा अडतीवर ज्वारी घालून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घेतो आणि ती चार वेळा घडी करून टोपीत ठेवतो. आमच्यातल्या अंगणवाडीच्या बाईंनी एवढंच विचारलं, "पट्टीवर काय काय कापलं होतं रे?" पोरगा मान वर न करता धडाधड बोलायला लागला. हमाली इतकी, तोलाई इतकी, आणि आखाजीला नातीच्या लग्नासाठी घेतलेली उचल. हातात काय राहिलं? एस.टी.चं भाडं आणि वर थोडे. खोली एकदम शांत. पुढच्या महिन्यात कथा आली ती थेट पट्टीपासून सुरू झालेली, आकड्यांखाली आकडे. सूर्य गेला, वारा गेला. पहिला परिच्छेद वाईट आहे असं त्याला कुणीही म्हटलं नव्हतं.

शुद्धलेखनावर बैठकीत चर्चा नको. आमच्या एका निवृत्त गुरुजींना दर ओळीत ऱ्हस्व-दीर्घ टोचायचं, आणि नव्याने लिहिणारी पोरं त्या धास्तीने कागदच काढायची नाहीत. ते काम प्रुफाच्या वेळी करायचं. साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. त्यांची झेरॉक्स प्रत्येकाला एकदाच द्या. बोली मात्र प्रुफातही सुधारायची नाही. 'आलतो', 'गेलतो', 'काय करायलाय' असं लिहिलेलं असेल तर तसंच राहील. फक्त निवेदनाची भाषा कुठली आणि संवादाची कुठली हे लेखकाने ठरवावं आणि ठरवल्यावर निभवावं.

लिहिणाऱ्याने वाचलंही पाहिजे. प्रत्येकाने महिन्याला वाचनालयातून एक पुस्तक न्यायचं आणि बैठकीत त्यातलं अर्धं पान वाचून दाखवायचं, आपल्याला आवडलेलं. बाकी पुस्तकावर भाषण नको.

बायका आणि कॉलेजच्या मुली टिकाव्यात असं वाटत असेल तर एक नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. लिखाणावरचं बोलणं बैठकीत, सगळ्यांसमोर. रात्री दहाला 'तुमच्या कवितेतलं दुःख मला समजलं' असे निरोप पाठवायचे नाहीत, मार्गदर्शनासाठी एकटीला घरी बोलवायचं नाही. तक्रार करायची झाली तर दोन बायकांची नावं ठरवून ठेवा आणि तक्रार आली की त्या माणसाला बैठकीला येऊ नका म्हणून स्पष्ट सांगा, तो कितीही पुरस्कारप्राप्त असो. इथे भीड धरली तर मुली काही न बोलता यायच्या बंद होतात, आणि तुम्ही म्हणत बसता, हल्लीच्या पोरींना लिखाणात रसच नाही.

पाठवण्याचं काम सगळ्यांनी मिळून करा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आणि आजही नव्या लेखकाला तेच मोठं दार आहे. पण दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नसतो. मे ते जुलै हे दिवस धरा. आम्ही एक जाडी वही ठेवलीय: काय पाठवलं, कुठे, कधी, उत्तर काय. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. नकार आला की बैठकीत वाचून दाखवायचा. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. तसा संपादक आता प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, म्हणून तर ही बैठक.

पाठवताना युनिकोडमध्येच पाठवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की नुसता इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो, आणि तो उलगडत बसायला कुठल्याही संपादकाला वेळ नसतो.

'प्रातिनिधिक काव्यसंग्रहात सहभागी व्हा, शुल्क अमुक, सोबत सन्मानचिन्ह आणि राज्यस्तरीय पुरस्कार' अशी जाहिरात आली तर ती वहीला चिकटवून खाली 'नाही' लिहायचं. तिथे निवड नसते, पैसे भरले की कविता छापली जाते. मी स्वतः अशी पुस्तकं छपाईसाठी लावलीत, कविताही न वाचता लावता येतात. पहिलं पुस्तक खरंच तयार असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदानाची योजना आहे. तिथे हस्तलिखित वाचलं जातं. बाई, पैसे भरून पुस्तक उद्याच निघतंय की, असं म्हणणाऱ्याला मी अर्ज हातात देते आणि वर्षभर थांब म्हणते.

वर्षातून एक पुस्तिका काढा, स्वतःच्या खर्चाने. छपाईचा फॉर्म सोळा पानांचा असतो, म्हणून पानं सोळाच्या पटीत ठेवा. बत्तीस पानं म्हणजे दोन फॉर्म, मधोमध पिन मारली की बाइंडिंगचा खर्च वाचतो. तेहतिसाव्या पानाचा हट्ट धरलात तर कागद वाया जातो आणि भांडणही होतं. प्रत्येकाचं एकच लिखाण घ्यायचं आणि ते कुठलं, हे लेखक सोडून इतरांनी ठरवायचं. मुखपृष्ठावर पाहुण्यांचा फोटो नको, आत शुभेच्छा-संदेश नकोत. वर्गणी समान ठेवू नका. आमच्याकडे एक बंद डबा फिरतो, ज्याला जमेल तेवढं त्यात टाकायचं, कुणी किती टाकले ते बघायचं नाही. चहा आणि झेरॉक्स त्यातूनच. पुस्तिकेला पैसे कमी पडले तर प्रती कमी काढायच्या.

मृगाच्या सुमाराला उपस्थिती रोडावते, पेरण्या असतात. तेव्हा बैठक रद्द करू नका, लहान करा: एकाचंच लिखाण आणि एक तास. आणि दर दिवाळीनंतर वही, डबा आणि वाचनालयाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या. यंदा ती त्या दिवाणजीकडे आहे. त्याने पहिल्याच महिन्यात दोन पानांची मर्यादा दीडवर आणली, मोठ्या टायपात.