चोर समोर आला तर: त्याची पळायची वाट अडवू नका

कुठलंही कुलूप शेवटी तुटतंच. ते तुटायला किती मिनिटं लागतात आणि तुटताना किती आवाज होतो, एवढंच आपल्या हातात असतं. घरफोडीचा बंदोबस्त म्हणजे ही दोन गणितं चोराला महाग पाडणं. चोर आत शिरलाच, तर मात्र गणित उलटतं: तो जितक्या लवकर बाहेर जाईल तितकं बरं.

आधी दार. भारी कुलूप घेतलेलं असतं, पण त्याचा बोल्ट ज्या पट्टीच्या भोकात जातो ती पट्टी चौकटीला जेमतेम २० मिलिमीटरच्या दोन स्क्रूंवर टेकलेली असते. लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं, चौकटीची ढलपी निघते आणि पट्टी तिच्यासकट खाली पडते. त्या जागी ७५ मिलिमीटरचे स्क्रू घाला, चौकटीतून पार होऊन मागच्या भक्कम आधारात जातील असे. मागे वीट किंवा काँक्रीट असेल तर आधी भोकात प्लग, म्हणजे स्क्रूला पकड देणारी छोटी नळी, बसवावा लागतो. लाकडात आधी बारीक भोक पाडा, नाहीतर चौकट चिरते आणि केलेलं काम वाया जातं. बोल्ट चौकटीत निदान २५ मिलिमीटर शिरला पाहिजे. स्प्रिंगच्या लॅचवर भिस्त नको. त्याची तिरकी जीभ प्लास्टिकच्या पातळ पट्टीनेही मागे सरकू शकते.

कडी-कोयंड्याचं दुखणं वेगळंच. कुलूप लावल्यावरही कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर चोर कुलपाला हातच लावत नाही. चार स्क्रू काढतो आणि कुलपासकट कोयंडा बाजूला ठेवतो. तिथे गुळगुळीत गोल डोक्याचे आरपार बोल्ट टाकून आतून वॉशर आणि नट आवळा. सरकती खिडकी उचलून रुळातून काढता येते. वरच्या रुळात दोन स्क्रू इतपत बाहेर ठेवा, की झडप सरकेल पण उचलली जाणार नाही.

कॅमेरा बहुतेक लोक फार उंच लावतात. ४ मीटरवरून टोपी छान दिसते, चेहरा दिसत नाही. निदान एक कॅमेरा २ ते २.५ मीटरवर, येणाऱ्याच्या समोर हवा. त्याचं घड्याळ बरोबर आहे का आणि रेकॉर्डिंग खरंच किती दिवस मागचं मिळतं, हे आजच उघडून बघा. चोरी झाल्यावर बघण्यात अर्थ नाही.

आता आमनेसामनेचा प्रसंग. बाहेरून आलात आणि दार किलकिलं दिसलं, तर आत पाऊल टाकू नका, आत कोणी आहे का म्हणून हाकही मारू नका. आल्या पावली मागे फिरा, दारापासून लांब, दुसऱ्याच्या घरात किंवा उजेडात जाऊन पोलिसांना फोन करा. आधी पत्ता सांगा. फोन तुटला तरी तेवढं पोहोचलेलं असतं. मग किती जण, अजून आत आहेत का, हातात काही आहे का, कुठल्या दिशेने गेले.

रात्री खुडबुड ऐकू आली तर घरातल्या सगळ्यांना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, फोन करा, मग मोठ्याने बोला: "आम्ही जागे आहोत, पोलीस निघालेत." हे अनेकवचनातच म्हणायचं, घरात एकटे असलात तरी. कोण आहे ते बघायला अंधारात काठी घेऊन निघणं ही हौस महागात पडते. अरुंद जागेत काठी भिंतीला अडते आणि हिसकावली गेली की तुमच्यावरच उगारली जाते. मिरचीचा फवारा बंद खोलीत तुमच्याही डोळ्यांत जातो. अंतराचाही अंदाज चुकतो. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की सुमारे ६.५ मीटरवरचा धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो.

अगदी समोरासमोर गाठ पडलीच, तर दारातून बाजूला व्हा. चोर आणि दार यांच्यामध्ये उभं राहणं हीच सगळ्यात घातक जागा. तळहात उघडे, छातीच्या उंचीवर. आवाज शांत. "घे आणि जा, मी अडवत नाही." पिशवीला हात घालू नका. तो ओळखीचा निघाला तरी "ओळखलं तुला" हे शब्द तोंडातून काढू नका. पळून जाणाऱ्याला ते थांबायचं कारण देतात. पाठलागही नको. त्याऐवजी त्याचे बूट नीट बघा: जॅकेट आणि टोपी पुढच्या वळणावर उतरते, बूट सहसा तेच राहतात. दाराच्या चौकटीशी ताडून उंची लक्षात ठेवा, गाडीचा नंबर लगेच लिहा.

जमावाने चोर धरला असेल तर मारहाण थांबवा, तो गुन्हाच आहे. आणि त्याला पालथं पाडून पाठीवर कोणाला बसू देऊ नका. छाती दबून माणूस गुदमरतो, मिनिटांत दगावू शकतो.

पोलीस येईपर्यंत झाडलोट नको, कपाटाची दारं लावणं नको. ठसे तिथेच असतात. फोन गेला असेल तर सिम बंद करा आणि १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, फिर्यादीत लिहा. तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. फोडलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोडलं जाण्याचा धोका वाढलेला असतो, कारण आतला नकाशा आता चोराला पाठ आहे. म्हणून तुटलेली चौकट त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि एखादी किल्ली जागेवर नसेल तर रात्र पडायच्या आत कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो गाभा, बदलून घ्या.