रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं

"वर्ष झालं, आंग दुखते, जीव घाबरते," असं सांगत पिशवीभर रिपोर्ट घेऊन आलेल्या मावशींना डॉक्टर म्हणून "तुम्हाला काही झालेलं नाही" असं कधीच म्हणू नका. त्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्यात सलाईन लावून घेतील.

सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डरचं (शरीराच्या त्रासाची काळजी प्रमाणाबाहेर वाढते, तो विकार) निदान "काही सापडलं नाही" यावर होत नाही. 2013 च्या डीएसएम-5 नं (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) ती अट काढली. त्रासदायक लक्षण, त्यापायी प्रमाणाबाहेर विचार, भीती किंवा धावपळ, आणि हे साधारण 6 महिन्यांहून जास्त, एवढं बघायचं. शुगर असलेल्यालाही हा विकार होतो. म्हणून विचारा: दिवसातला किती वेळ याच विचारात जातो? नेमकी भीती कशाची? कोणतं काम सुटलं?

आधी हात लावून नीट तपासा. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) विसरणं घातक: वारंवार हाडं दुखणाऱ्या पोराला सोल्युबिलिटी टेस्टशिवाय (सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी) "टेन्शन" म्हणू नका. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड सांधे आखडवतं. फवारणीच्या दिवसांत मळमळ, घाम, डोकेदुखी असेल तर औषध कोणी फवारलं ते विचारा. हिमोग्लोबिन, शुगर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा करा. वजन घटत असेल, ताप असेल किंवा हातापायाची ताकद गेली असेल तर रेफर करा. एरवी नवीन चिन्ह दिसल्याशिवाय पुन्हा तपासण्या नकोत. प्रत्येक जादा सोनोग्राफी रुग्णाला सांगते की काहीतरी सुटलं आहे.

समजावताना: "मावशी, दुखणं खरं आहे. आत काही मोडलं नाही, पण नसांचा भोंगा मोठा झाला, साधी कळही जोरात वाजून राहिली. तो हळूहळू कमी करू."

मग दर 4 आठवड्यांनी तारीख द्या, बाजाराच्या दिवसाची, म्हणजे चुकत नाही. 15 मिनिटं, डॉक्टर तोच. त्रास वाढला नसला तरी यायचं. नाहीतर भेटीसाठी दुखावंच लागतं. ध्येय कामाचं ठेवा: रोज 10 मिनिटं चालणं, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवायची. इथं एक चूक हमखास होते. बरं वाटलं की बाई दिवसभर निंदण करते आणि पुढचे दोन दिवस खाटेवर. बरं वाटत असतानाही ठरल्या वेळेला थांबायला शिकवा.

डायक्लोफेनॅकची (वेदनाशामक) इंजेक्शनं आणि अल्प्राझोलाम (घबराटीवरची गोळी) टाळा. एकानं किडनी बिघडते, दुसऱ्याची सवय लागते. पीएचक्यू-9 (उदासी मोजायची नऊ प्रश्नांची यादी) भरून घ्या. उदासी असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी बोलून एसएसआरआय (उदासीवरची औषधं) सुरू करा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रेफर करा, गोळ्या थोड्याच द्या, घरातलं कीटकनाशक नातेवाइकांना हलवायला लावा आणि टेलिमानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथंच सेव्ह करून द्या.