डिजिटल चित्र दाखवायचं कसं आणि दुसऱ्याच्या चित्रावर बोलायचं कसं

"कसं झालंय?" असं विचारलं की "मस्त!" हेच उत्तर येणार. समोरच्याला चित्र खरंच आवडलेलं असतं, त्यात खोटं काही नाही, पण नेमकं कुठे बघायचं हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं, मग तो वरवर बघतो आणि काहीतरी चांगलं बोलून मोकळा होतो. हौसेने डिजिटल चित्रं काढणाऱ्या कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं की नवीन ब्रशचे पॅक नंतर गोळा करा, आधी प्रश्न विचारायला शिका, कारण फीडबॅक कितपत कामाचा मिळणार हे निम्मं तिथेच ठरतं.

चित्रासोबत दोन-तीन ओळी लिहा: काय दाखवायचं होतं, चित्र आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुम्हाला स्वतःला कुठे खटकतंय. समजा असं लिहिलं, "मुलगी खिडकीपाशी बसलीये, उजेड डावीकडून येतोय, रंग अजून बेसिकच भरलेत, गळ्यावरची सावली चिकटवल्यासारखी वाटतेय, का ते कळत नाहीये." आता बघणारा थेट गळ्यापाशी जातो. त्याला दिसतं की सावलीची कड सगळीकडे सारखीच धारदार ठेवलीये. खरं तर हनुवटीच्या जवळ ती कडक हवी आणि मानेवरून खाली उतरता उतरता मऊ होत जायला हवी, कारण सावली पाडणारी वस्तू सावलीच्या जागेपासून जितकी दूर तितकी सावलीची कड पसरट होते. नुसतं "कसं झालंय" विचारलं असतं तर हाच माणूस "मस्त" म्हणून पुढे गेला असता.

टप्पा सांगायचं कारण म्हणजे कच्च्या स्केचवर कुणी "केसांना शाइन नाहीये" म्हणाला तर तो दोघांचाही वेळ वाया आहे. आणि शक्यतो स्केच असतानाच दाखवा ना! पोज चुकलीये हे कपड्याची एकेक घडी रंगवून झाल्यावर कळलं तर बदलायची हिंमत कुणाचीच होत नाही, स्केचमध्ये तेच काम लॅसो टूलने (चित्राचा हवा तो भाग घेरून निवडायचं टूल) खांदा उचलून दोन बोटं खाली सरकवण्याइतकं असतं.

दाखवण्याआधी स्वतः काय तपासायचं

काही गोष्टी दुसऱ्याने सांगायची गरजच नसते, आपलेच डोळे चित्राला सरावलेले असतात म्हणून त्या दिसत नाहीत. कॅनव्हास आडवा फ्लिप करा. क्रिटामध्ये नुसतं एम दाबलं की व्ह्यू उलटा होतो, प्रोक्रिएटमध्ये ॲक्शन्सच्या कॅनव्हास मेनूत फ्लिप आहे, बाकी सगळ्या ॲपमध्येही कुठे ना कुठे असतंच. चेहरा एका बाजूला घसरलाय, एक डोळा वर गेलाय, माणूस मागे कलंडतोय, हे सगळं फ्लिप केल्या केल्या एका सेकंदात दिसतं. सवयच लावून घ्या, चित्र काढतानाच अधूनमधून उलटं करायचं, शेवटी एकदाच करून काही होत नाही, तोवर तिरकेपणावर डोळा बसलेला असतो.

मग झूम आऊट करून चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करा. एवढ्या छोट्या आकारात काय चाललंय ते कळतंय का? नसेल कळत तर डिटेल कितीही घातले तरी मोठ्यातही ते चित्र गर्दीच वाटणार.

तिसरी गोष्ट म्हणजे छटा, म्हणजे कुठला भाग किती उजळ आणि किती गडद, आणि इथे जरा थांबतो कारण रंगीत चित्रातला सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रंग वेगवेगळे असले म्हणजे चित्रात उठाव येतो असं वाटतं, पण डोळ्याला आधी उजेड-अंधार कळतो, रंग नंतर. म्हणून चित्र ग्रे करून बघायचं असतं. आता ग्रे करायचे मार्ग दोन आणि त्यातला एक फसवतो. सरळ डीसॅच्युरेट (रंग काढून टाकायची कमांड) मारलं तर फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकसारखे मधले ग्रे होतात. डोळ्यांनी बघा, पिवळा केवढा उजळ आणि निळा केवढा गडद! उजेडाच्या हिशोबाने पांढऱ्याला १०० धरलं तर स्क्रीनवरचा शुद्ध पिवळा साधारण ९३ येतो आणि शुद्ध निळा जेमतेम ७. म्हणजे जी कमांड दोघांना एकच ग्रे देते तिच्यावर विसंबून छटा तपासायच्या नाहीत. बरोबर पद्धत अशी: सगळ्यात वर एक नवीन लेअर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, घ्या, तो पूर्ण काळा किंवा ग्रे भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (थर खालच्या थरात कसा मिसळायचा ते ठरवणारी सेटिंग) "कलर" करा. खालचं सगळं खऱ्या उजेडाप्रमाणे ग्रे दिसेल. लेअरचा डोळा बंद-चालू करत काम करता येतं, चित्राला धक्का लागत नाही. चेहरा आणि मागची भिंत एकाच ग्रेमध्ये विरघळले असतील तर तिथे रंग बदलून काही होणार नाही, एकाला गडद किंवा दुसऱ्याला उजळ करावंच लागेल.

आणि शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या. सकाळी फाइल उघडली की आपलंच चित्र जरा परक्याचं वाटतं, तेव्हा जे खटकतं ते आधी दुरुस्त करा आणि उरलेलं विचारा.

फाइल कशी पाठवायची

स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून पाठवू नका प्लीज, रंग बदलतात, रेषा वाकड्या दिसतात आणि मग त्या फोटोवरच चर्चा होते. एक्स्पोर्ट करा. लाइनआर्ट, सपाट रंग, लाल पेनाने केलेल्या खुणा असं काही असेल तर पीएनजी, कारण जेपीजी फाइल लहान करण्यासाठी रंगाची बारीक माहिती टाकून देतो आणि त्यात लाल रेषा सगळ्यात आधी चिखलासारख्या होतात. पूर्ण रंगवलेल्या चित्राला चांगल्या क्वालिटीचा जेपीजी चालतो, फक्त तोच तोच जेपीजी उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दर वेळी थोडं थोडं खराब होत जातं. मूळ फाइल लेअरसकट जपून ठेवा. चॅटवरून पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप स्वतःच दाबून लहान करतं.

आकाराबद्दल फार डोकं लावू नका, लांब बाजू दोन हजार पिक्सेल असली की फीडबॅकसाठी पुरते. ३०० डीपीआयचं (छापताना एका इंचात किती ठिपके, तो आकडा) भूत बऱ्याच जणांच्या मानेवर बसलेलं असतं, तो आकडा छापताना लागतो, स्क्रीनवर पिक्सेल किती आहेत तेवढंच कळतं. चित्र पुढे कधी ए४वर छापायचं मनात असेल तर सुरुवातच २४८० बाय ३५०८ पिक्सेलने करा, नंतर लहान कॅनव्हास ताणून मोठा केला तर रेषा मऊ पडतात. कलर प्रोफाइल एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची) ठेवा, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांची, फाइल पाठवली तर समोरच्याच्या स्क्रीनवर भलतेच रंग दिसू शकतात.

रेफरन्स, म्हणजे ज्याच्याकडे बघून काढलं तो फोटो किंवा चित्र, वापरला असेल तर तोही शेजारी ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट बघणाऱ्याला कळतं की हात विचित्र आलाय तो रेफरन्समध्येच तसा आहे की तुमच्या रेषेत. फोटो किंवा दुसऱ्याचं चित्र ट्रेस करून सराव केला असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि मूळ कुणाचं ते सांगा. सरावासाठी ट्रेस करणं ठीक आहे, स्वतःचं म्हणून दाखवणं मुळीच नाही. टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचा वेगवान व्हिडिओ, असेल तर फारच उत्तम, प्रोक्रिएट तो आपोआप बनवतं, क्रिटामध्ये रेकॉर्डर नावाचा डॉकर (बाजूचं छोटं पॅनेल) आधी चालू करावा लागतो. चूक कुठल्या पायरीवर घुसली ते व्हिडिओत लगेच दिसतं, तयार चित्रात शोधत बसावं लागतं.

आता दुसऱ्याचं चित्र बघायचं तेव्हा

पहिलं वाक्य "माझी नजर आधी कुठे गेली" हे लिहा. एवढं एकच वाक्य लिहिलंत तरी काढणाऱ्याला खूप मोठी माहिती मिळते, कारण हे त्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही. त्याला डोळ्यांकडे बघायला लावायचं असतं आणि आपली नजर कोपऱ्यातल्या पांढऱ्या फुलदाणीवर गेलेली असते, बस, अर्धं काम झालं.

मग मोठ्याकडून छोट्याकडे या. आधी मांडणी, मग आकार आणि प्रमाण, मग छटा, मग कडा, रंग त्यानंतर आणि पापण्या-दागिने सगळ्यात शेवटी. डोकं धडाला नीट बसलेलं नसताना पापण्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आणि सगळं एकदम सांगू नका, दिसल्या बारा चुका तरी एक मोठी सांगा आणि फार तर एक छोटी. बारा सांगितल्या की माणूस फाइल बंद करतो.

चूक सांगताना कारण आणि उपाय दोन्ही सांगा. "हात बरोबर नाही" याने काय होणार? त्याऐवजी असं: "हात चेहऱ्याच्या मानाने लहान वाटतोय. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत येते, स्वतःचा हात तोंडावर ठेवून बघ. शिवाय चारही बोटांची टोकं एका सरळ ओळीत आलीयेत, ती कमानीत असतात. आधी तळव्याचा एक चपटा ठोकळा काढ, बोटांची टोकं कुठपर्यंत जाणार ती कमान आख आणि मग बोटं बसव." हे वाचून समोरचा लगेच स्टायलस उचलतो.

स्टाइल आणि चूक यात गल्लत करू नका. डोळे मुद्दाम मोठे काढले असतील तर ती त्याची निवड आहे. पण त्या मोठ्या डोळ्यांपैकी एक चेहऱ्याच्या वळणासोबत फिरत नसेल तर ते कुठल्याही स्टाइलमध्ये चूकच. शंका असेल तर विचारा, "हे मुद्दाम ठेवलंयस का?"

पेंटओव्हर, म्हणजे त्याच्या चित्रावर आपण काढून दाखवणं, हा सगळ्यात भारी प्रकार आहे पण आधी परवानगी घ्या. नवीन लेअर, मूळ चित्र चाळीस-पन्नास टक्के ओपॅसिटीवर (म्हणजे फिकट करून), आणि वरून एकाच ठळक रंगाच्या रेषा. खांद्याचा उतार, कंबरेचा कल, वजन कुठल्या पायावर आहे एवढंच दाखवा. अख्खा चेहरा आपल्या हाताने रंगवून द्यायचा मोह होतो, तो आवरा, त्यातून त्याला शिकायला काही मिळत नाही आणि चित्र तुमचं होऊन बसतं.

नवशिक्यांच्या चित्रात काही गोष्टी वारंवार दिसतात, त्यांचे उपाय सांगून ठेवतो. रेषा थरथरत असेल तर तुकड्या तुकड्याने खाजवल्यासारखी काढू नका, थोडं झूम आऊट करा, कॅनव्हास हाताला सोयीचा फिरवा, मनगटाऐवजी कोपर-खांद्यातून एका झटक्यात ओढा. स्टॅबिलायझर (हाताची थरथर कमी करणारी सेटिंग) जरूर लावा पण फार वाढवला तर रेषा हाताच्या मागे रेंगाळते आणि वळणं गुळगुळीत-निर्जीव होतात. दुसरं, प्रत्येक आकाराच्या कडेने गडद आणि मध्ये उजळ असं शेडिंग, ज्याने सगळंच उशीसारखं फुगलेलं दिसतं. तिथे एकच प्रश्न: उजेड कुठून येतोय? कोपऱ्यात एका लेअरवर बाण काढून ठेवा आणि प्रत्येक सावली त्या बाणाला विचारून टाका. तिसरं, सावलीसाठी मूळ रंगात नुसता काळा मिसळणं, त्याने त्वचा मळकट दिसते. मल्टिप्लाय लेअरवर (खालचं गडद करणारा ब्लेंडिंग मोड) काळ्याऐवजी हलका जांभळा किंवा निळसर रंग घेऊन बघा, उजेड पिवळट असेल तर फारच खुलतं. आणि सॉफ्ट एअरब्रश सगळीकडे फिरवायची सवय सोडा, कडक कड कुठेच नसेल तर आकारच उभा राहत नाही.

फीडबॅक आल्यावर

लगेच खुलासे द्यायला जाऊ नका. "मला असंच हवं होतं" हे खरं असेलही, पण बघणाऱ्यापर्यंत ते पोहोचलं नाही हेही तितकंच खरं आहे. तीन जण एकाच जागेवर बोट ठेवत असतील तर तिथे काहीतरी नक्की बिघडलंय, मात्र त्यांनी सांगितलेला उपाय बरोबर असेलच असं नाही. तिघंही "नाक मोठं आहे" म्हणतील आणि खरी भानगड ही असेल की नाकाखालची सावली फार काळी झालीये, म्हणून ते पुढे आल्यासारखं वाटतंय. म्हणून जागा मान्य करा, कारण स्वतः शोधा.

बदल करताना मूळ फाइलची कॉपी करून तिच्यावर करा. झालं की जुनं डावीकडे, नवं उजवीकडे असं एकाच इमेजमध्ये जोडा, काय बदललं ते खाली एका ओळीत लिहा आणि ज्याने सुचवलं होतं त्याला आवर्जून पाठवा. नव्यातही काही खटकत असेल तर पुढचा प्रश्न तिथेच विचारून टाका.