मॅन्युअल मोड शिकायचाय? मग मीटरचं सगळंच ऐकू नका

कॅमेऱ्याची डायल एम (मॅन्युअल) वर आणली, फोटो काढला आणि स्क्रीनवर एकतर मिट्ट काळोख नाहीतर सगळं पांढरंफटक, बहुतेक जण इथूनच परत ऑटोवर जातात. कारण अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक), शटर (ते किती वेळ उघडं राहतं, सेकंदात), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) तिन्ही एकदम फिरवायला जातो आपण. त्यापेक्षा आधी ठरवा या फोटोत नक्की काय हवंय, त्यावरून एक गोष्ट फिक्स करा आणि मग तिला हात लावायचा नाही.

माणसाचा फोटो, मागचं ब्लर हवंय, तर अ‍ॅपर्चर फिक्स, एफ २.८ किंवा लेन्स जितकं उघडेल तितकं. (आकडा लहान तर भोक मोठं, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच छळतं. तो भागाकार आहे, ५० एमएम लेन्सला एफ २ म्हणजे २५ एमएमचं भोक, बस.) पोरं पळतायत तर शटर फिक्स, १/५०० तरी, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. आयएसओ शेवटी, उरलेला उजेड भरून काढायला. आयएसओ वाढवल्यावर येणाऱ्या नॉइजला (फोटोतल्या दाण्यांना) फार घाबरू नका, हललेला फोटो कशानेच नीट होत नाही.

आता देवाणघेवाण. समजा एफ ५.६, १/१२५, आयएसओ ४०० ला फोटो बरोबर येतोय पण तुम्हाला १/५०० हवंय, म्हणजे उजेड दोन स्टॉप कमी झाला, मग आयएसओ १६०० करा किंवा अ‍ॅपर्चर २.८ करा, नाहीतर दोन्हीकडून एकेक स्टॉप घ्या. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. आणि १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) असेल तर लक्षात ठेवा, एफ ३.५ ठेवून झूम केलं की ते आपोआप ५.६ होतं, सेटिंगला हात न लावताही फोटो काळा येतो.

पण खरी गोम मीटरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या पट्टीत आहे. तिचा काटा शून्यावर आला म्हणजे एक्सपोजर (फोटोला मिळालेला उजेड) बरोबर असं नसतं हो! समोर काय आहे ते मीटरला कळत नाही, जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं धरून तो हिशोब करतो. करून बघा, पांढरी चादर पसरा, फ्रेम पूर्ण भरा, काटा शून्यावर आणा आणि काढा, चादर मळकट करडी येईल. आता शटर हळू करत काटा +१.५ वर न्या, चादर पांढरी. काळ्या जॅकेटवर उलटं, काटा मायनसमध्ये न्यावा लागतो. हा एक प्रयोग दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा जास्त शिकवतो असं माझं मत. सोबत हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) बघायची सवय लावा, उजव्या भिंतीला ढीग चिकटला असेल तर तिथलं डिटेल गेलं, रॉ मध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाइल) काढत असाल तर त्यातलं थोडंफार परत येऊ शकतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

हात हलतो त्याचा ढोबळ नियम, शटर १/फोकल लेंथ (लेन्सचा एमएमचा आकडा) पेक्षा हळू नको, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर दीडपट धरा, म्हणजे २०० एमएमला १/३००.

सतत ऊन-सावली बदलत असेल तर उगाच एम चा हट्ट धरू नका, ए किंवा एव्ही मोडवर (भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) या, त्यात कमीपणा काही नाही. एम ची मजा उजेड एकसारखा असतो तिथे, पॅनोरमा, फ्लॅश, आणि चंद्र. ऑटोवर चंद्राचा नुसता पांढरा गोळा येतो कारण मीटर काळं आकाश उजळवायला बघतो. पौर्णिमेच्या आसपास चंद्र वर आला की एफ ११, आयएसओ १००, शटर १/१२५ लावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) मोठा करून फोकस हाताने करा, आणि डाग स्पष्ट दिसत नसतील तर आधी फोकस तपासा, एक्सपोजर नंतर.